प्रतिसाद: मॉसच्या शेजारी बसलेला माणूस

१९५५ च्या मिले मिलियाचा, म्हणजे इटलीतल्या रस्त्यांवरच्या मोटारशर्यतीचा, विषय निघालाय आणि ती जिंकल्याचं वर सगळं श्रेय गाडी चालवणाऱ्या स्टर्लिंग मॉसला दिलं गेलंय, म्हणून ही भर. मॉस थोरच, पण मला त्या शर्यतीत डोळ्यांसमोर येतो तो शेजारी बसलेला डेनिस जेंकिन्सन. दाढीवाला, ठेंगणा, चष्मा लावणारा पत्रकार! त्याआधी १९४९ साली मोटारसायकलस्वार एरिक ऑलिव्हरच्या साइडकारमध्ये (मोटारसायकलला जोडलेल्या बाजूच्या बैठकीत) बसून तो शर्यतींत जगज्जेता झाला होता, त्यामुळे वेगाची सवय अंगात मुरलेली.

ब्रेशियाहून रोमला जाऊन परत, जवळपास १,६०० किलोमीटर, तेही रोजच्या वापराच्या रस्त्यांवरून. दोघांनी आधी अनेकदा तो मार्ग पालथा घातला आणि जेंकिन्सनने वळणं, चढ, धोके सगळं सुमारे साडेपाच मीटर लांब कागदावर उतरवलं. तो कागद एका डबीतल्या फिरत्या दांड्यांवर गुंडाळलेला. एक एक नोंद डबीच्या खिडकीतून वाचायची आणि हाताने खूण करायची, कारण इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य. पुढे न दिसणाऱ्या चढावर मॉसने त्या खुणेवर विसंबून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललाच नाही, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

वाटेत उलटी करायला जेंकिन्सन बाहेर झुकला आणि वाऱ्याने चष्मा उडाला. दुसरा जवळ होता, म्हणून निभावलं.

त्यांची मर्सिडीजची ७२२ क्रमांकाची गाडी सकाळी ७:२२ ला निघाली म्हणून तो क्रमांक. जिंकायला लागलेला वेळ १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद. मर्सिडीजचाच दुसरा चालक फांजिओ दुसरा आला, तो मात्र एकटाच चालवत होता.