ऐहोळेचा शिलालेख: इसवी 634, 635 की शके 557?

खानापूरकर:
गेल्या महिन्यात ऐहोळेच्या मेगुती देवळात जाऊन रविकीर्तीने रचलेला दुसऱ्या पुलकेशीचा शिलालेख पाहिला. घरी टिपणे जुळवताना त्याचे साल एका पुस्तकात इसवी 634, दुसऱ्यात 634-35 आणि एका कन्नड पुस्तिकेत शके 557 असे आढळले. लेख एकच असताना वर्षे तीन कशी? विक्रम संवत तरी 690 धरावा की 691?

अथणीचा वाचक:
लेखात आकडे नाहीत; संख्या श्लोकात शब्दांनी सांगितली आहे. तीस, तीन हजार, सातशे आणि पाच, म्हणजे भारतीय युद्धापासून, कलियुगाच्या मोजणीने, 3735 वर्षे. तसेच पन्नास, सहा आणि पाचशे, म्हणजे शक राजांची 556. दोन्ही वर्षे 'सरलेली' म्हटली आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. 556 सरली तेव्हा 557 वे चालू होते. पुस्तिकाकाराने चालू वर्ष धरले, इतरांनी गत. (आपल्या पंचांगावरचा शकही गतच असतो, हे पाडव्याला कुणाच्या ध्यानात येत नाही.) 3735 मधून 556 वजा केल्यास 3179 उरतात, कलियुग आणि शक यांतले अंतर नेमके तेवढेच असल्यामुळे वाचनाचा पडताळा लेखातच मिळतो. गत शकात 78 मिळवले की 634 येते खरे, परंतु ते वर्ष फाल्गुनात संपत असल्याने त्याचे शेवटचे दिवस 635 मध्ये पडतात. लेखात महिना आणि तिथी नसताना नुसते 634 लिहिणे मला घाईचे वाटते.

निपाणीकर:
विक्रम संवत चैत्रापासून मोजल्यास 691, गुजराती रीतीने कार्तिकापासून मोजल्यास दिवाळीपर्यंत 690. गंमत म्हणजे हिजरी 13 हे साल 7 मार्च 634 रोजी लागले, त्यामुळे त्या वर्षी मोहरम आणि चैत्र एकाच चंद्रकोरीबरोबर सुरू झाले.

खानापूरकर:
आभारी आहे. आजच्या कोष्टकाने शके 556 ला 'जय' संवत्सर येतो. तोही टिपणात लिहावा का? आणि आमच्या हलशीच्या कदंब ताम्रपटांनाही 78 चाच हिशोब लावता येईल का?

अथणीचा वाचक:
'जय' लिहू नये. लेखात तो नाही, आणि दक्षिणेत संवत्सरांचा क्षय (अधूनमधून एखादे नाव गाळणे) मानणे पुढे बंद झाल्यामुळे आजचे कोष्टक इतके मागे नेता येत नाही. हलशीच्या ताम्रपटांत बहुधा राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते, तेव्हा तिथे आधी त्या राजाचा काळ ठरवावा लागतो. 78 मिळवायला हाताशी शकच नसतो.