सरकारी लायडार: बेंचमार्कशी उंची जुळेना, पाणी भरावापाशी तुंबतंय

उतारमापी
मंडळी, सर्वेक्षण खात्याने खुला केलेला लायडार (विमानातून लेसर सोडून मोजलेल्या उंच्या) आणि त्याच भागाचा ऑर्थोफोटो (नकाशासारखा सरळ केलेला हवाई फोटो) घेऊन एका ओढ्याचं पाणलोट क्षेत्र आखतोय. क्षेत्र ६ चौरस किमी, घनता चौरस मीटरला २ पल्स (लेसरचे ठोके). क्लास २ चे, म्हणजे जमिनीचे, बिंदू घेऊन १ मीटरचा रास्टर (उंचीच्या चौकटींची जाळी) केला. बेंचमार्कशी (उंची नक्की माहीत असलेल्या जमिनीवरच्या खुणेशी) ताडलं तर लायडारची उंची ओढ्याच्या वरच्या टोकाला ३१.४२ मी. आणि खालच्या टोकाला ३१.४९ मी. जास्त येते. शिवाय प्रवाह काढला की पाणी रस्त्याच्या प्रत्येक भरावापाशी तुंबतं आणि भलतीकडून वळसा घालून जातं. आणखी एक, ऑर्थोफोटोतल्या काही उंच इमारती लायडारवर बसत नाहीत, ७-८ मीटर सरकलेल्या दिसतात. डेटाच खराब आहे का?

टोटलस्टेशन
उंचीचा घोळ डेटाचा नाही, आधारपातळीचा आहे. विमानावरचा जीएनएसएस (जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून, उंची देतो. बेंचमार्कची उंची समुद्रसपाटीपासून, म्हणजे जिऑइडपासून धरलेली असते. या दोन्हींतलं अंतर जगभरात साधारण उणे १०६ ते अधिक ८५ मीटर असतं. तुमचा फरक जवळजवळ स्थिर आहे आणि टोकापासून टोकापर्यंत ७ सेंटिमीटरच बदलतोय, ही जिऑइडचीच खूण.

पण सरसकट ३१.४५ वजा करून मोकळे होऊ नका. अधिकृत जिऑइड मॉडेल लावा, नाहीतर ते ७ सेंटिमीटर थेट ओढ्याच्या उतारात शिरतात. त्याआधी सोबतचा अहवाल उघडून आधारपातळीचं नाव वाचा. काही खाती उंची आधीच बदलून देतात, आणि मग मॉडेल दोनदा लागतं. उंचीबरोबर फरकही वाढत गेला असता तर संशय फूट-मीटरवर घ्यायचा. अमेरिकी डेटात तर फुटांचेही दोन प्रकार सापडतात, सर्व्हे फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट. सर्व्हे फूट २०२२ अखेर अधिकृतरीत्या बाद झाला, पण जुन्या फाइलींत तो आहेच. दोन्हींतला फरक दशलक्षात २ भागांचा, उंचीत जाणवतही नाही. पण जागा दाखवणाऱ्या २० लाख फुटांच्या निर्देशांकात तोच ४ फूट होतो.

ओघळ
भरावाबद्दल. वर्गीकरण करताना पूल जमिनीतून काढून टाकतात (क्लास १७), मोऱ्या मात्र काढत नाहीत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या लायडार मानकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: पूल वगळायचा, मोरीवरचा रस्ता जमीन म्हणून ठेवायचा. लेसरला वरून मोरीचं तोंड दिसत नाही, त्यामुळे मॉडेलमध्ये रस्ता म्हणजे धरणाची भिंतच होते.

अशा वेळी खड्डे भरण्याची आज्ञा वापरू नका. ती भरावामागे खोटं तळं भरते आणि पाणी रस्त्याच्या सर्वांत सखल जागेवरून उडी मारतं; तुमचा वळसा तिथूनच आलाय. ऑर्थोफोटोत मोरीची दोन्ही तोंडं शोधा, जोडणारी रेघ काढा आणि त्या रेघेवर रास्टर कापा. कापाची पातळी वरच्या तोंडाच्या तळापासून खालच्या तोंडाच्या तळापर्यंत उतरती हवी. मोऱ्या फार असतील तर कमीत कमी खर्चाने भराव फोडणारी पद्धत चालवा (व्हाइटबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये आहे), पण कापाच्या लांबीवर मर्यादा घाला. ती रस्त्याच्या पायथ्याच्या रुंदीहून थोडीच जास्त ठेवा, नाहीतर ती टेकाडंसुद्धा फोडत सुटते.

जाता जाता क्लास ७, म्हणजे जमिनीखाली दिसणारे चुकीचे बिंदू, पण तपासा. लेसर दोनदा परावर्तित होऊन आला की बिंदू जमिनीखाली दिसतो. असा एक जरी क्लास २ मध्ये राहिला तर बिंदू जोडून केलेल्या त्रिकोणजाळीत उलट्या शंकूसारखा खड्डा पडतो आणि आसपासचं पाणी तिथे गोळा होतं.

लंबदृष्टी
इमारती सरकलेल्या नाहीत, कललेल्या आहेत. साधा ऑर्थोफोटो जमिनीच्या मॉडेलवर ताणतात, त्यात छपराची उंची धरलेलीच नसते. हिशेब करून बघा: उड्डाण १५०० मीटरवर, इमारत २४ मीटर उंच आणि विमानाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ४८० मीटर लांब. छप्पर बाहेरच्या बाजूला २४ × ४८० ÷ (१५०० − २४) म्हणजे सुमारे ७.८ मीटर सरकतं. पायथा मात्र जागेवरच असतो. म्हणून आखणी पायथ्यावरून करा, किंवा छपराची कड लायडारवरून घ्या. कललेली बाजू खालचा रस्ता झाकते, तिथे मोरीचं तोंड शोधत बसू नका.

फोटोत दिसणारं कुंपण म्हणजे हद्द हेही धरू नका. हद्द कागदावर ठरते, कॅमेऱ्याला फक्त तार दिसते.

उतारमापी
जिऑइड मॉडेल लावलं. डांबरी रस्त्यावर फरक ८ सेंटिमीटरच्या आत आला. पण ओढ्याकाठच्या उंच गवतात लायडार अजून २५ सेंटिमीटर वरच आहे. तिथे २५ सेंटिमीटरच्या समोच्च रेषा हव्या होत्या.

टोटलस्टेशन
त्या रेषा विसरा. चौरस मीटरला २ पल्सच्या डेटाला त्याच अमेरिकी मानकात उघड्या जमिनीवर १० सेंटिमीटर आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) लागते, आणि झाडोऱ्यात ९५ टक्के बिंदू ३० सेंटिमीटरच्या आत असले तरी चालतात. तुमचे २५ त्यात बसतात. १० सेंटिमीटरच्या आरएमएसईवर ३० सेंटिमीटरच्या रेषा कशाबशा टिकतात, त्याही उघड्या जमिनीवर.

कारण पल्समध्येच आहे. ४ नॅनोसेकंदांच्या पल्सला ६० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावरचे दोन पृष्ठभाग वेगळे ओळखता येत नाहीत. गवताचा शेंडा आणि माती एकाच परताव्यात (परत आलेल्या लेसरमध्ये) मिसळतात, उंची मधलीच कुठलीतरी येते. इंग्लंडच्या राष्ट्रीय लायडार मोहिमेची उड्डाणं हिवाळ्यात ठेवतात ती यासाठीच.

ओघळ
त्या पट्ट्यात जमिनीवर उतरून छेद घेणंच बरं. काठावर दर २० मीटरला एक, प्रत्येक छेदात तळ, दोन्ही काठ आणि पाण्याची पातळी. नेहमीचा लेसर १०६४ नॅनोमीटरचा असतो, तो पाण्यात शोषला जातो, त्यामुळे ओढ्याचा तळ लायडारमध्ये मिळायचाच नाही. मग तेवढाच भाग रास्टरमध्ये बदला, आणि कडेला ३-४ मीटरचा पट्टा दोन्ही उंच्यांमध्ये हळूहळू मिसळा, नाहीतर सांध्यावर पायरी पडेल आणि प्रवाह पुन्हा तिथेच अडकेल.