डेडपूल का आवडतो (किंवा का झेपत नाही)? अनुभव सांगा

शिव्या, रक्त, चावट जोक्स आणि मधेच आपल्याकडे बघून गप्पा. एरवी पाचकळ विनोदाला नाक मुरडणारे आपण २०१६ च्या या सुपरहिरो पिक्चरला मात्र खिदळतो, ते का? पाहताना तुमचं काय झालं ते लिहा, न आवडलेल्यांनी पण बिनधास्त लिहा.

---

मी नामावलीतच गार. नावं द्यायच्या ऐवजी सगळ्यांना नावं ठेवलीयेत, निर्मात्यांना तर सरळ शिवी, आणि लेखक तेवढे 'खरे हिरो' :D हे लोक आधी स्वतःचीच उडवतात म्हटल्यावर चिडायचं कोणावर?

---

शेवटच्या फाईटला तो बंदुकांची बॅग टॅक्सीत विसरतो ना, ती गंमत म्हणून नाही हां, शूटिंग तोंडावर आलं असताना बजेट कापलं आणि मोठा गोळीबार परवडेना म्हणून लेखकांनी बॅगच विसरायला लावली. ५ कोटी ८० लाख डॉलरमधे झाला, सुपरहिरोवाल्यांच्या हिशोबात चिल्लर, आणि जगभरात ७८ कोटींच्या वर कमावले. पैसा असता तर सगळा वेळ बिल्डिंगा पाडण्यात गेला असता आणि त्याला तोंड चालवायला फुरसत मिळाली नसती असं माझं मत. यातल्याच हिरोने, रायन रेनॉल्ड्सने, २००९ मधे दुसऱ्या एका पिक्चरमधे हे पात्र केलं तेव्हा तर या बडबड्याचं तोंडच शिवून टाकलं होतं, कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. २०१४ मधे टेस्ट फुटेज (नमुन्यादाखल केलेला छोटा तुकडा) लीक झालं, लोकांनी डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे स्टुडिओ हलला.

---

माझी केमो चालू असताना पाहिला. भेटायला येणारा प्रत्येकजण हळू आवाजात 'पॉझिटिव्ह राहा' म्हणायचा, आणि मी त्यांनाच धीर देत बसायचे. इथे हिरोला कॅन्सर कळतो तेव्हा त्याची मैत्रीण एकामागून एक प्लॅन सांगत सुटते आणि तो ऐकतच नाहीये, नुसता तिचा चेहरा पाठ करून घेतोय, आणि लगेच पुढे परत चावटपणा. रडवून लगेच मोकळं केलं. मला तेव्हा कोणीतरी असं वाह्यात बोलणारं हवं होतं, सभ्य माणसं भरपूर होती. नवऱ्याला अजून कळत नाही मी एवढी का हसत होते.

---

वरचं वाचून लिहायला अवघड वाटतंय पण मला नाही झेपला. रक्ताचं काही नाही, प्रत्येक वाक्याला कोटी म्हणजे थकायला होतं हो. थिएटरमधे गर्दीसोबत मी पण हसलो, नंतर एकट्याने लावला तर अर्ध्यावर बंद.

---

एकट्याने बघायचा नाहीच तो! पण आईसोबतही नको. ते वर्षभराचे सणवार ज्या पद्धतीने साजरे होतात त्या सीनला मी मोबाईलमधे तोंड खुपसून बसलो. पिक्चर संपल्यावर आई म्हणते, "चेहरा बिघडला म्हणून तिच्यासमोर जायला लाजतोय बिचारा, बाकी नुसता आरडाओरडा." मी दोन तास जोक्स मोजत होतो आणि लव्हस्टोरी तिने पाहिली.