अनुभव धागा: चीनमधला बर्फ आणि सणाला घरी निघालेली माणसं

रेवती_के
चीनच्या हुबेई प्रांतात बर्फामुळे महामार्गावर अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ कालपासून बघतेय आणि २००८ चं दक्षिणेतलं ग्वांगझू शहर डोळ्यांपुढून हलत नाहीये. नवऱ्याच्या नोकरीमुळे तेव्हा आम्ही तिथे होतो. त्या वर्षी त्यांचं नववर्ष ७ फेब्रुवारीला होतं. जानेवारीअखेर शेजारच्या हुनान प्रांतात बर्फाच्या भाराने विजेच्या तारा तुटल्या आणि बीजिंग-ग्वांगझू मार्गावरची विजेची इंजिनं जागीच थांबली. ग्वांगझूत बर्फाचा कण नाही, नुसता पाऊस आणि बोचरी थंडी. स्टेशनबाहेर लाखो माणसं, डोक्यावर छत्र्या.
आमच्या कामाच्या मावशी हुनानमधल्या चेनझोऊजवळच्या. मुलगा गावी आजीकडे, भेट वर्षातून एकदा. मुलासाठी घेतलेले बूट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून त्यांनी कोटाच्या आत धरले होते. स्वतः नखशिखांत भिजलेल्या. शेवटी तिकीट परत करून आमच्याकडेच आल्या. तिकडे गावात वीज नाही, पाणी नाही. सणाच्या रात्री फोन लावत राहिल्या, लागलाच नाही.
तुम्हीही लिहा. चीनमध्ये राहिलेले बरेच जण आहेत इथे.

मी_सोलापूरची
बाई गं. वाचून गलबललं. मूल सोबत का नव्हतं पण?

रेवती_के
कुटुंबाची नोंदणी गावची. शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणं फार अवघड. कारखान्यांतल्या कित्येकांची हीच गत.

डॉ_पराग
मी हुबेईतल्या वुहानला, एमबीबीएस, तोच हिवाळा. किनलिंग डोंगर आणि ह्वाई नदीच्या दक्षिणेला सरकारी हीटिंग नाही, त्यामुळे होस्टेलच्या खोलीत बसूनही तोंडातून वाफ. पार उत्तरेतल्या हार्बिनचा वर्गमित्र म्हणायचा, आमच्याकडे उणे वीस असतं, पण घरात आम्ही बनियनवर असतो. उशाला गरम पाण्याची पिशवी आणि आईने पाठवलेली गोधडी, बस्स. (कुकरची डाळ भात आठवली एकदम. लिहितो नंतर, ओपीडी सुरू झाली.)

बाळू_लातूर
बर्फ तर तिकडे नेहमीचाच ना? मग इतकं कसं काय अडतं?

अभ्र
बाळूदादा, उत्तरेत नेहमीचा. तिथला कोरडा बर्फ झाडून बाजूला करता येतो. हुनान, हुबेई, ग्वेझोऊकडे गोठणारा पाऊस पडतो. वर उबदार हवेचा थर, जमिनीलगत शून्याखाली. थेंब पाणी म्हणूनच खाली येतो आणि तार, फांदी, डांबर, कशालाही लागला की तिथेच गोठतो. थरावर थर चढून तार मनगटाएवढी जाड होते, मनोरे वाकतात. २००८ ला त्यात कोळशाची भर. रेल्वे बंद म्हणून कोळसा नाही, कोळसा नाही म्हणून वीजकेंद्रं बंद. हुनानमध्ये मनोऱ्यावर चढून बर्फ फोडताना तीन वीज कामगार गेले. त्यांची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

कोल्हापुरी_तडका
तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओ हुनानमधल्या चांगशा स्टेशनवर कर्णा घेऊन लोकांची माफी मागत होते ते टीव्हीवर पाहिल्याचं आठवतंय. मला तेव्हा ते फार भावलं होतं.

सुमन_ठाणे
स्टेशनवर शाकाहारी माणसाने खायचं काय हो? आमची सून जायचीय शांघायला.

अनुजा
सुमनताई, उकळतं पाणी स्टेशनवर आणि गाडीतही फुकट मिळतं. इन्स्टंट उपमा-पोह्यांची पाकिटं आणि एक झाकणाचा डबा द्या. सुकी चटणीपण.

सुमन_ठाणे
शेंगदाण्याची देते मग. लसणाची नको, डब्यात वास सुटतो.

प्राची_मोरे
माझा भाचा आत्ता वुहानजवळ रेल्वेगाडीत अडकलाय. ताई नुसती येरझाऱ्या घालतेय. डबा गरम आहे म्हणतो, गाडी कधी हलेल ते कोणी सांगत नाहीये.

डॉ_पराग
प्राचीताई, डबा गरम आहे ना, मग उतरू नको म्हणावं. प्लॅटफॉर्मवर काचेसारखा थर असतो, माकडहाड मोडून घेतलेले पाहिलेत मी. आणि फोन आतल्या खिशात ठेवायला सांगा, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

प्राची_मोरे
हो, लगेच कळवते. पॉवर बँक आहे त्याच्याकडे.