बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून कॉम्प्युटर चालू करून विंडोज किंवा लिनक्स टाकता येतं): तुम्ही कशाने बनवता? काय काय घडलं? (अनुभव धागा)

तापीकाठ
काल अमळनेरहून भाच्याचा फोन. "मामा, विंडोज 10 चे अपडेट ऑक्टोबर 2025 पासून बंद झाले ना, 11 टाकायचंय. रुफस घेऊ की व्हेंटॉय?" (दोन्ही असा पेनड्राइव्ह बनवायची सॉफ्टवेअर.) माझ्या तोंडून आधी निघालं, "पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते बघ रे बाबा पहिले." फोन ठेवला आणि 2014 चा मे महिना आठवला. मग झोप काही लागली नाही, म्हणून हा धागा.

ताईच्या लग्नाचे फोटो फोटोवाल्याने 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर दिले होते. तो लॅपटॉपला लावलेला, आणि शेजारच्या खाचेत विंडोज 7 साठी आणलेला दुसरा, तोही 16 चाच. रुफसच्या यादीत दोन ओळी: एक ई, एक एफ, दोन्हींपुढे 16 जीबी. सगळा डेटा जाईल अशी सूचना येते, ती मी न वाचता ओके केली. हिरवी पट्टी निम्म्यावर आली तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "आजीला फोटो दाखवतो ना रे?"

फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने रात्रभर चाळून बरेच परत आले. फाइलींची नावं गेली, पण फोटो आले. ज्या जागेवर विंडोज लिहिलं गेलं, तिथलं मात्र कायमचं गेलं. त्यात सगळी हळद होती. आजी त्या दिवशी जात्याजवळ बसून गात होती, तो एकमेव फोटो त्यातच. ती पुढच्या वर्षी गेली.

तेव्हापासून एकच सवय: बूटेबल करताना मशीनला एकच पेनड्राइव्ह. बाकी सगळे काढून टेबलावर. तुमचे अनुभव लिहा.

रावेरची_केळी
वाचून पोटात कालवलं भाऊ.
माझं वेगळं. बॅलेना एचर या तसल्याच सॉफ्टवेअरने उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) लिहिलं, छान चाललं. नंतर तोच 32 चा पेनड्राइव्ह विंडोजला लावला तर चार-पाच एमबी दाखवतो आणि फॉरमॅट करा म्हणतो. मेला समजून ड्रॉवरमध्ये टाकला, वर्षभर पडून होता. मग गल्लीतल्या एका पोराने विंडोजचंच डिस्कपार्ट उघडून लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन केलं, नव्याने पार्टिशन करून फॉरमॅट केलं आणि पूर्ण 32 परत. एचर आयएसओ (अख्खी सिस्टिम असलेली एक फाइल) जशीच्या तशी उतरवतो, ते विभाग विंडोजला कळत नाहीत. पेनड्राइव्ह ठणठणीत असतो. कोणी फेकू नका.

शाळामास्तर_शहादा
@तापीकाठ, सर, सिलेक्ट डिस्कच्या वेळीही हीच काळजी हो. तिथे तर नाव पण दिसत नाही, फक्त आकडा आणि साइज.

आमच्या शाळेत नऊ कॉम्प्युटर, नऊही वेगळ्या जातीचे. नेट म्हणजे माझा मोबाइल. प्रत्येकासाठी पुन्हा पेनड्राइव्ह बनवायचा तर दिवाळीची सुट्टी पुरणार नाही. म्हणून व्हेंटॉय. एकदाच टाकायचं, मग आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. 64 जीबीत लिनक्स मिंट, दोन हलके लिनक्स, विंडोज 10, शिवाय मुलांच्या कवितांच्या पीडीएफ. चालू केलं की मेनू येतो, हवं ते निवडा.

अडचण दोनदा आली. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) असलेल्या मशीनवर पहिल्यांदा निळा पडदा आला, मी घाबरलो. तिथे "एनरोल की फ्रॉम डिस्क" घेऊन व्हेंटॉयची की एकदा द्यावी लागते, मग तो परत विचारत नाही. दुसरं, सगळ्यात जुन्या डब्याला 64 चा पेनड्राइव्ह दिसलाच नाही. त्याला जुना 8 चा घेतला, रुफसमध्ये एमबीआर (जुन्या मशीनला कळणारी पद्धत) निवडलं, आणि उठला. सहावीतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

धुळे_स्टेशन
रुफस. बाकी काही नको. दीड-दोन एमबीची फाइल, इन्स्टॉल करायची भानगड नाही.

जुना_लिनक्सवाला
पोरांनो, पेनड्राइव्हच्या आधीचं सांगतो. उबंटूवाले सीडी फुकट पोस्टाने पाठवायचे, शिपइट नावाची योजना, 2011 ला बंद झाली. मी 2007 ला मागवली, आणि दीड-दोन महिन्यांनी पोस्टमन काका पारोळ्यात घरी घेऊन आले. परदेशी तिकिटाचा लखोटा बघून वडिलांना वाटलं पोराला नोकरी लागली. अख्ख्या गल्लीला चहा झाला. ती सीडी अजून आहे माझ्याकडे.

रावेरची_केळी
@जुना_लिनक्सवाला, काका, फोटो टाका ना सीडीचा 🙏

जुना_लिनक्सवाला
रविवारी टाकतो. कपाटाच्या वरच्या खणात आहे, शिडी लागेल.

कृषीकेंद्र_ताई
दुकान आणि स्वयंपाक यांच्या मधल्या वेळात लिहितेय, चुका पोटात घ्या.
आमच्याकडे लाइट आठ तास, तीही कधी रात्री. विंडोजची आयएसओ पाच जीबीच्या वर. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल सोपं आहे, पण 80 टक्क्यांवर लाइट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. दोनदा झालं. तिसऱ्या वेळी आयएसओ डाउनलोड मॅनेजरला लावली, तुटली तिथून पुढे सुरू झाली. उतरल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल हॅशफाइल, पुढे फाइलचं नाव आणि एसएचए256 लिहून साइटवरच्या आकड्याशी जुळवली. एवढं करायचंच. मागे अर्धवट फाइलने खताचं बिलिंग ऐन हंगामात दोन दिवस बंद होतं, दारात ट्रॅक्टर उभे.

आणि फाइली हाताने ओढून टाकू नका. एफएटी32 (पेनड्राइव्हचा नेहमीचा फॉरमॅट) वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजची इन्स्टॉल डॉट विम हल्ली तेवढी मोठी असते. रुफस एनटीएफएस (मोठ्या फाइली घेणारा फॉरमॅट) करून ते निभावून नेतो.

चोपड्याचा_भाऊ
भो, एचपी ला बूट मेनू कोणतं बटण?? लॅपटॉप समोर उघडा आहे

धुळे_स्टेशन
चालू करताना एस्केप दाबत राहा, मग एफ9.

डीडीवाली
मी डीडी वापरते, लिनक्समधली डिस्कवर लिहायची कमांड. लोक त्याला डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात ते खरंच आहे, एसडीए आणि एसडीबी या डिस्कच्या नावांत एका अक्षराचा फरक. हॉस्टेलला असताना मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवर, तिच्या प्रोजेक्टवर, मी डेबियन लिनक्स लिहिलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी वरणबट्टीचा डबा घेऊन गेले तेव्हा रडलो दोघी. आता एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) दोनदा बघते: एकदा पेनड्राइव्ह लावायच्या आधी, एकदा लावल्यावर. नव्याने जी ओळ आली तीच.

चोपड्याचा_भाऊ
मेनू आला! पण विंडोज 11 म्हणतं एकही ड्राइव्ह सापडत नाही. एसएसडी गेली का? आते काय करू भो?

शाळामास्तर_शहादा
प्रोसेसर इंटेल अकराव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का?

चोपड्याचा_भाऊ
हो सर i5 अकरावी

शाळामास्तर_शहादा
मग एसएसडी बहुतेक ठीक आहे. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर, म्हणजे व्हीएमडीचा, लागेल. दुसऱ्या कॉम्प्युटरवर एचपीच्या साइटवरून घ्या, उलगडून फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर टाका. "लोड ड्रायव्हर" दाबून ते फोल्डर दाखवा. मागचा डेटा हवा असेल तर पुढे कोणतंही पार्टिशन डिलीट करू नका, आधी इथे विचारा.

धुळे_स्टेशन
@तापीकाठ, भाच्याचा लॅपटॉप किती जुना? रुफस विंडोज 11 ची टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) अट काढून देतो, पण कोअर 2 ड्युओ वगैरे असेल तर 24एच2 (2024 ची आवृत्ती) पासून पुढचं विंडोज 11 उठतच नाही, त्याला लागणारी पॉपसीएनटी नावाची आज्ञा त्या प्रोसेसरला येतच नाही. उगाच रात्र घालवेल पोरगं. त्याला मिंट द्या.

तापीकाठ
आठव्या पिढीचा आहे, चालेल. रुफसच सांगितलं. आत्ता मेसेज आला: पेनड्राइव्हमध्ये कॉलेजचं सबमिशन होतं, ते काढून घेतलं आणि दुसरे दोन्ही पेनड्राइव्ह त्याच्या आईकडे ठेवायला दिले.

कृषीकेंद्र_ताई
शहाणं लेकरू आहे हो.

चोपड्याचा_भाऊ
ड्राइव्ह दिसला!! डेटा नको होता, पुढे गेलो. मन्हा लॅपटॉप चालू व्हई गया भो! मास्तर, वांगी उतरली आहेत शेतात, रविवारी भरीत खावाले या.

शाळामास्तर_शहादा
येतो. कळण्याची भाकरी असेल ना?

चोपड्याचा_भाऊ
माय करी राहिनी म्हने, या.