अनैच्छिक स्नायूझटके : एमआरआय निर्दोष असताना ईएमजी कशासाठी?

प्रश्न : वडिलांच्या हातांना अचानक झटके बसतात आणि हातातली वस्तू सुटते. मेंदूचा एमआरआय निर्दोष आला असूनही डॉक्टरांनी ईईजी (मेंदूच्या विद्युत् क्रियेची नोंद) व ईएमजी (स्नायूंच्या विद्युत् क्रियेची नोंद) एकत्र करण्यास सांगितले आहे. त्यातून वेगळे काय कळणार?

उत्तर १ : एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, गाठ, जुना पक्षाघात किंवा दाह त्यात दिसतो, परंतु झटक्याचा उगम कोठे आहे हे त्यावरून सहसा ठरत नाही. ईएमजीमध्ये स्नायूची विद्युत् क्रिया मिलिसेकंदांत मोजली जाते आणि मेंदूच्या बाह्यपटलातून निघणाऱ्या झटक्यांत ती बहुधा ५० मिलिसेकंदांहून कमी काळ टिकते. अनेक झटक्यांच्या आधीच्या ईईजीची सरासरी काढली असता हाताच्या झटक्यापूर्वी सुमारे २० मिलिसेकंद एक टोकदार लहर आढळली, तर उगम बाह्यपटलात असल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो. साध्या ईईजीत ही लहर अनेकदा दिसतच नाही.

उत्तर २ : मनगटाजवळील मज्जातंतूला सौम्य विद्युत् उद्दीपन देऊन मेंदूचा प्रतिसादही नोंदवतात, तो नेहमीपेक्षा बराच मोठा आल्यास बाह्यपटल अतिसंवेदनशील असल्याचे सूचित होते. मात्र झटके कमी करणारी औषधे चालू असल्यास निष्कर्ष बदलू शकतात, म्हणून ती तपासणाऱ्यास आधीच सांगावीत. स्वतःहून थांबवू नयेत.

उत्तर ३ : मूत्रपिंड व यकृताच्या रक्तचाचण्या झाल्या आहेत का? माझ्या मते त्या आणि चालू औषधांची यादी प्रथम पाहावी, कारण मूत्रपिंड मंदावल्यावर गॅबापेंटिनसारखे (मज्जातंतूंच्या वेदना व फिट्सवर दिले जाणारे) औषध शरीरात साचूनही असे झटके येतात.