कांदा चाळीत आतली सड लवकर कळण्यासाठी गॅस सेन्सर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, निफाड तालुक्यात आमची २५ टनाची कांदा चाळ आहे. मागच्या वर्षी उन्हाळ कांदा भरला, ऑगस्टमध्ये चाळ फोडली तर वरून माल एकदम चकाचक पण मधल्या कप्प्यात खाली हात घातला तर सगळं पाणी सुटलेलं, वास असा की उभं राहवेना. एक कांदा सडला की त्याचं पाणी खालच्यावर गळतं आणि वरून बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. वडील दोन दिवस नीट जेवले नव्हते, ते डोळ्यासमोरून जात नाही माझ्या.

म्हणून यंदा ईएसपी३२ (वाय-फायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) वर एमक्यू-१३५ आणि अमोनियासाठी एमक्यू-१३७ असे दोन गॅस सेन्सर लावलेत, चाळीच्या वरच्या वाशाला. पण रात्री पाऊस आला की रीडिंग चढतं, ऊन पडलं की उतरतं, सड नसताना अलार्म वाजतो. कांद्याला मुळातच गंधकाचा उग्र वास, तो आणि सडका वास सेन्सरला वेगळा कळतो का? आणि वाय-फाय चालू केलं की एमक्यू-१३७ चं रीडिंग गायबच होतं. कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १ :
वाय-फायचं सोपं आहे. ईएसपी३२ मध्ये सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारे दोन भाग असतात, त्यातल्या दुसऱ्याचे, म्हणजे एडीसी२ चे पिन वाय-फाय चालू असताना अ‍ॅनालॉग वाचत नाहीत, वायर ३२ ते ३९ मधल्या पिनवर घे. एमक्यू ५ व्होल्टवर चालतो आणि ईएसपीचा पिन ३.३ चा, व्होल्टेज कमी करायला मधे दोन रेझिस्टर टाकलेस ना? नाहीतर बोर्ड जाईल. नवीन सेन्सर आधी २४ ते ४८ तास सलग तापू दे.

प्रतिसाद २ :
भाऊ, एमक्यूच्या आत टिन ऑक्साइड असतं, त्याचा रेझिस्टन्स दमट हवेने पण बदलतो, पावसात चढतं ते त्यामुळेच. आणि तो एकच गॅस ओळखत नाही, अल्कोहोल, अमोनिया सगळ्याला थोडं थोडं रिअ‍ॅक्ट होतो, त्यामुळे वास वेगळा करायची अपेक्षा ठेवू नको. तसाच दुसरा सेन्सर चाळीबाहेर आडोशाला लाव आणि दोघांतला फरक बघ, पाऊस दोघांनाही सारखाच. सोबत डीएचटी२२ ठेव म्हणजे आर्द्रता पण कळेल. वाशाला लावून मात्र उपयोग नाही, चाळीला चारी बाजूंनी वारा लागतो, वास उडून जातो. भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप ढिगात उभा खोच, पार खालपर्यंत, आणि वरच्या तोंडावर सेन्सर.

धागाकर्ता :
दादा खूप आभार, पिन बदलला, १३७ आला! पाइप उद्याच खोचतो, प्रत्येक कप्प्यात एक. फक्त एक राहिलं, फरक किती झाला की कप्पा उघडून निवड करायची? आमच्याकडे सध्या फक्त चांगल्या मालाचं रीडिंग आहे, सडक्याचं कुणाकडे असेल तर इथे टाका ना.